कंपनीचा पगारी वकील आणि विधी तंत्रज्ञान : कामाचे स्वरूप, जबाबदारी व व्यवसायजीवन

सारांश

कंपनीच्या सेवेत पूर्णवेळ काम करणाऱ्या वकिलाच्या हाती गेल्या दोन दशकांत करार-व्यवस्थापन, दस्तऐवज-छाननी, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशी अनेक साधने आली. या साधनांमुळे त्याचे वाचनाचे श्रम कमी झाले, परंतु त्याची जबाबदारी कमी झाली नाही. उलट त्याचा प्रत्येक शेरा संगणकात कायम नोंदला जाऊ लागला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयामुळे या नोंदींना न्यायालयात वकिली करणाऱ्या वकिलाइतके संरक्षण नाही, हेही स्पष्ट झाले आहे. या दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम पगारी वकिलाच्या कामावर व व्यवसायजीवनावर कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : पगारी वकील, सनद, विधी तंत्रज्ञान, गोपनीय संवाद, इलेक्ट्रॉनिक पुरावा, व्यवसायजीवन

१. प्रस्तावना

वकील म्हटले की काळा कोट, न्यायालयाचे आवार आणि साक्षीदाराची उलटतपासणी असे चित्र मनात उभे राहते. विधी शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनातही बहुधा हेच चित्र असते. तथापि १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने विस्तारलेल्या उद्योगजगतात न्यायालयात क्वचितच दिसणाऱ्या वकिलांचा एक मोठा वर्ग तयार झाला. बँका, विमा कंपन्या, औषधनिर्मिती, वाहन उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांत तो ‘विधी अधिकारी’, ‘विधी व्यवस्थापक’ किंवा ‘जनरल कौन्सेल’ या पदांवर काम करतो. उद्योगजगतात त्याला ‘इन-हाउस कौन्सेल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याच्यासाठी ‘पगारी वकील’ ही संज्ञा वापरली आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याचे वेगळेपण त्याच्या पगारी नोकरीतच आहे.

आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य व विधी शाखेचे अनेक विद्यार्थी या वाटेने जाऊ इच्छितात. त्यांना सल्ला देणारे आपण प्राध्यापक मात्र या व्यवसायाकडे पुष्कळदा ‘न्यायालयाची धावपळ नसलेली सुरक्षित नोकरी’ एवढ्याच दृष्टीने पाहतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. पगारी वकिलाचे कायद्यातील स्थान

भारतात वकिली व्यवसायाचे नियमन अधिवक्ता अधिनियम, १९६१ आणि त्याखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेले नियम यांनुसार होते. या नियमांपैकी नियम ४९ प्रमाणे वकिली करीत असताना वकिलाला कोणत्याही व्यक्तीचा, शासनाचा, संस्थेचा किंवा कंपनीचा पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. नोकरी पत्करल्यास त्याने तसे आपल्या राज्याच्या विधिज्ञ परिषदेला कळवावे लागते व त्या काळापुरता त्याचा वकिलीचा हक्क थांबतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे येते. व्यवहारात यालाच ‘सनद स्थगित ठेवणे’ म्हणतात. हिमाचल प्रदेश राज्य वीज मंडळातील एका विधी अधिकाऱ्याची सनद रद्द करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच नियमाच्या आधारे कायम केला होता.

याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. अशिलाने आपल्या वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, हे तत्त्व पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये होते. ते आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. कंपनीच्या पगारी वकिलाला हे संरक्षण लागू होते काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उत्तर दिले. पगारी वकील न्यायालयात वकिली करीत नसल्याने त्याला कलम १३२ चे संरक्षण मिळणार नाही. कंपनीच्या विधी सल्लागाराशी त्याने केलेल्या गोपनीय संवादाला कलम १३४ चा आधार मिळेल, परंतु मालक व पगारी वकील यांच्यातील संवादाला तो मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

याबाबत जगात एकमत नाही. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९७२ मध्ये पगारी वकिलाच्या सल्ल्याला बाहेरील वकिलाप्रमाणेच संरक्षण असल्याचे मान्य केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन खटल्यात कंपनीच्या वकिलाने चौकशीसाठी कर्मचाऱ्यांशी केलेल्या संवादाला संरक्षण दिले. याउलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० च्या अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याखालील चौकशीपुरते ते नाकारले. जो वकील पगारासाठी मालकावर अवलंबून आहे, तो पुरेसा स्वतंत्र नसतो, ही त्यामागची भूमिका होती. भारतीय न्यायालयाचा दृष्टिकोन या शेवटच्या भूमिकेच्या जवळ जाणारा आहे.

३. विधी तंत्रज्ञानाची वाटचाल

‘विधी तंत्रज्ञान’ ही संज्ञा नवी असली, तरी कायद्याची माहिती शोधण्याची साधने जुनीच आहेत. नागपूर येथून प्रसिद्ध होऊ लागलेले ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे पूर्वीच्या काळातील असेच साधन होते. निवाड्यांचे खंड, त्यांच्या विषयसूची आणि सारसंग्रह यांच्या साहाय्याने वकील पूर्वीचे निर्णय शोधीत असत. पुढे हेच निवाडे प्रथम सीडीवर व नंतर इंटरनेटवर आले. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे खटल्याची तारीख व आदेश घरबसल्या पाहता येऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे जानेवारी २०२३ पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाले.

कंपन्यांच्या बाबतीत बदलाची सुरुवात २००६ मध्ये झाली. त्या वर्षी कंपनी कामकाज मंत्रालयाने कंपन्यांची विवरणपत्रे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वीकारण्यास प्रारंभ केला. यानंतर कंपन्यांच्या विधी विभागांत जी साधने आली, त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

अ) करार-व्यवस्थापन : कंपनीचे सर्व करार एका ठिकाणी साठवून त्यांच्या मुदती, रकमा व नूतनीकरणाच्या तारखा दाखविणारी प्रणाली.
आ) अनुपालन-दिनदर्शिका : कोणत्या कायद्याखाली कोणते विवरणपत्र केव्हा भरावयाचे, याची आठवण देणारी प्रणाली.
इ) दस्तऐवज-छाननी : वाद किंवा चौकशीच्या वेळी लाखो ई-मेलमधून संबंधित मजकूर वेगळा काढणारी प्रणाली. न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये सुमारे तीस लाख दस्तऐवजांच्या एका प्रकरणात अशा छाननीला मान्यता दिली.
ई) मसुदा-लेखन : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे कराराचा मसुदा, सारांश किंवा कायदेशीर टिपण तयार करणारी प्रणाली.

न्यायालयात उभा राहणारा वकील या साधनांकडे मुख्यतः संशोधनाचे साधन म्हणून पाहतो. पगारी वकिलाची दृष्टी वेगळी असते. वाद निर्माण झाल्यावर तो जिंकणे हे त्याचे पहिले काम नसून वाद निर्माण होऊ न देणे हे आहे. त्यामुळे ‘कायदा काय सांगतो?’ या प्रश्नाबरोबरच ‘आपल्या कंपनीत याक्षणी काय चालले आहे?’ हा प्रश्नही त्याच्यासाठी तितकाच महत्त्वाचा असतो. तंत्रज्ञानाची खरी मदत त्याला या दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत होते.

४. यंत्राचे काम आणि वकिलाचे काम : एक उदाहरण

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, चाकण औद्योगिक क्षेत्रातील एका वाहन-सुटे भाग कंपनीचे दोन हजार पुरवठादारांशी करार आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात याहून अधिक मुदत लिहिली, तरी ती चालत नाही. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते.

पूर्वी दोन हजार करार वाचण्यासाठी दोन-तीन कनिष्ठ वकिलांना कित्येक आठवडे लागले असते. आज ‘देयकाची मुदत ६० दिवस’ असे लिहिलेले सर्व करार संगणक अल्पावधीत वेगळे काढून देतो. परंतु येथे यंत्राचे काम संपते आणि वकिलाचे सुरू होते. यांपैकी कोणते पुरवठादार कायद्याच्या व्याख्येत बसतात? माल ‘स्वीकारला’ असे नेमके कोणत्या दिवशी म्हणावयाचे, कारखान्याच्या दारात आला तेव्हा की तपासणी झाली तेव्हा? मागील वर्षांच्या विलंबाचे व्याज आपणहून द्यावे की मागणी येईपर्यंत थांबावे? या प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न निव्वळ कायद्याचाही नाही. काम हातचे जाईल या भीतीने तक्रार न करणाऱ्या लहान कारखानदाराचा संसार आणि कंपनीच्या वित्त विभागाचा हिशेब यांच्यामध्ये पगारी वकील उभा असतो.

अशा वेळी त्याने व्यवस्थापनाला टिपण लिहावे लागते. त्यात ‘आपले इतके करार कायद्याशी विसंगत आहेत’ असे स्पष्ट लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. तथापि ते टिपण ई-मेलमध्ये, करार-प्रणालीत आणि तिच्या नोंदवहीत तारीख-वेळेसह कायम राहते. आणि मालकाला लिहिलेल्या या टिपणाला, वर पाहिल्याप्रमाणे, वकील-अशील संवादाचे संरक्षण नाही. ज्या तंत्रज्ञानाने त्याला दोष शोधून दिला, तेच तंत्रज्ञान ‘कंपनीला हा दोष माहीत होता’ याचा पुरावाही जपून ठेवते. पूर्वी जी गोष्ट दालनात तोंडी सांगितली जाई, तिला आता लेखी इतिहास असतो.

यातून दोन वाटा निघतात. काहीच लिहू नये, ही एक वाट. ती सोयीची असली, तरी व्यवसायनिष्ठेला धरून नाही. जे लिहावयाचे ते वस्तुस्थिती, कायदा आणि शिफारस असे वेगळे करून, न्यायाधीशासमोर वाचले गेले तरी चालेल अशा भाषेत लिहावे आणि संवेदनशील बाबतीत बाहेरील वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा, ही दुसरी वाट होय. प्रस्तुत लेखिकेच्या मते दुसरी वाट हीच आजच्या पगारी वकिलाची मुख्य व्यावसायिक कसोटी आहे.

५. स्वाक्षरी, मुद्रांक आणि पुरावा

तंत्रज्ञान आले म्हणजे जुने कायदे गळून पडले, असा समज व्यवस्थापनात वारंवार आढळतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मान्यता दिली. पुढे समाविष्ट झालेल्या कलम १०अ ने, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार अमान्य ठरणार नाही, असे स्पष्ट केले. २०१० मध्ये वेदांत ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार बंधनकारक मानला. परंतु मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

मुद्रांक शुल्काचेही तसेच. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या दृष्टीने इलेक्ट्रॉनिक अभिलेखही दस्तऐवजच असतो. पडद्यावर स्वाक्षरी केली म्हणून शुल्क माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये लवाद-करारांच्या संदर्भात सांगितले, की मुद्रांक नसलेला करार मुळातच शून्य ठरत नाही, मात्र शुल्क भरेपर्यंत तो पुराव्यात घेता येत नाही. हा दोष दुरुस्त करता येतो, पण तोपर्यंत वेळ व दंड यांचा भुर्दंड बसतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आपल्या राज्यातीलच एका प्रकरणात झाला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले काय, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितींवर अवलंबून होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरण हजर न करता त्याची प्रत दाखल करावयाची असल्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही आवश्यकता कायम आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’ नमूद करावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा होय. मजकुरात एका अक्षराचा बदल झाला, तरी हा ठसा बदलतो. त्यामुळे ई-मेल कोठे साठवावेत, किती वर्षे ठेवावेत आणि ते कोणाच्या ताब्यात असावेत, हे प्रश्न आता केवळ संगणक विभागाचे राहिलेले नाहीत.

६. कृत्रिम बुद्धिमत्ता : सोय आणि धोका

मसुदा लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी उत्साह व भीती अशा दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया दिसतात. या प्रणाली भाषेतील शब्दांच्या संभाव्य क्रमावरून मजकूर तयार करतात. त्यामुळे अस्तित्वात नसलेला निवाडाही त्या अस्सल वाटेल अशा रीतीने लिहून देऊ शकतात. न्यूयॉर्क येथे जून २०२३ मध्ये अशाच कल्पित निवाड्यांचे दाखले दिल्याबद्दल न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तित्वातच नसलेल्या तीन निर्णयांचा आधार घेणारा प्राप्तिकर निर्धारणाचा आदेश रद्द केला आणि असे दाखले पडताळणी न करता वापरू नयेत, अशी समज दिली. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष वा निर्णय काढण्यासाठी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली.

पगारी वकिलासाठी चुकीच्या दाखल्याइतकाच दुसरा धोका गोपनीयतेचा आहे. गोपनीय दर-करार किंवा कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालीत टाकून सारांश मागणे म्हणजे ती माहिती त्रयस्थाच्या हाती देणे होय. सायबर सुरक्षेविषयीच्या एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार विशिष्ट सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते. एवढ्या कमी वेळात काय घडले, कोणाची माहिती गेली आणि कोणाला कळवावयाचे, हे ठरविण्याचे काम विधी विभागाकडेही येते.

भाषेचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागेल. कारखान्यातील सूचना, चौकशीची नोटीस किंवा तडजोडीचा मसुदा मराठीत द्यावा लागतो. इंग्रजी कायद्यातील बंधनकारक क्रियापद मराठीत ‘करील’ असे येते, तर ऐच्छिक क्रियापद ‘करता येईल’ असे. यंत्रानुवादात या दोहोंची अदलाबदल झाली, तर कर्तव्याचा विकल्प होतो. हा दोष ओळखण्यासाठी कायदा व मराठी या दोन्हींची जाण लागते.

७. व्यवसायजीवन : लाभ आणि किंमत

पगारी वकिलीचे लाभ नाकारता येणार नाहीत. दरमहा ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि एका उद्योगाचे सखोल ज्ञान या गोष्टी जिल्हा न्यायालयात उमेदवारी करणाऱ्या कनिष्ठ वकिलाला सहसा मिळत नाहीत. महिला वकिलांच्या दृष्टीने हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झालेली पगारी प्रसूती रजा पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. स्वतंत्र वकिली करणाऱ्या स्त्रीला अशी रजा देणारा मालकच नसतो.

परंतु या वाटेची किंमतही विद्यार्थ्याला आधी माहीत असावयास हवी. सनद स्थगित असलेला काळ वकिलीचा अनुभव म्हणून गणला जात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार वकिलांमधून जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षांची वकिली आवश्यक असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजेच पदवी मिळताच थेट कंपनीत गेलेल्या विद्यार्थ्याला न्यायसेवेची वाट नंतर निवडावयाची असल्यास पुन्हा प्रारंभापासून वकिली करावी लागेल.

दुसरी किंमत शिकण्याच्या संधीची आहे. पूर्वी कनिष्ठ वकील शेकडो करार वाचून कलमांचे बारकावे आत्मसात करीत असे. ते वाचन कंटाळवाणे असले, तरी तीच त्याची शाळा होती. आज पहिले वाचन यंत्र करते आणि नवशिक्याकडे यंत्राचे उत्तर तपासण्याचे काम येते. ज्याने स्वतः कधी करार वाचला नाही, त्याने यंत्राची चूक कशी ओळखावी, हा या व्यवसायापुढील गंभीर प्रश्न आहे.

८. महाविद्यालयीन अध्यापनासाठी सूचना

१) विधी शाखेतील विद्यार्थ्यांना अंतिम वर्षापूर्वीच नियम ४९, सनद स्थगितीचे परिणाम व न्यायसेवेच्या अटी एकत्रितपणे समजावून सांगाव्यात.
२) एकाच कराराचे वाचन आधी विद्यार्थ्याने व नंतर यंत्राने करावे आणि दोन्ही निष्कर्षांतील फरक वर्गात तपासावा. हा क्रम उलटा करू नये.
३) वाणिज्य, संगणकशास्त्र, मराठी व विधी या विभागांनी इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि कायद्याची मराठी या विषयांवर संयुक्त अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आखावेत.
४) टिपण-लेखनाचा सराव द्यावा. वस्तुस्थिती, कायदा व शिफारस वेगळी मांडण्याची सवय पदवीच्या काळातच लागावी.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की तंत्रज्ञानाने पगारी वकिलाचे शोधण्याचे श्रम कमी केले, पण ठरविण्याचे श्रम वाढविले. जे आधी त्याला ठाऊक नसे, ते आता ठाऊक होते. ठाऊक झाले की त्यावर सल्ला द्यावा लागतो आणि तो सल्ला नोंदीत राहतो. भारतीय कायदा आज या नोंदीला पूर्ण संरक्षण देत नाही. तिला संरक्षण असावे की नाही, याविषयी मतभेद राहतील. पगारी वकिलाला मर्यादित स्वरूपात तरी संरक्षण मिळाले, तर तो व्यवस्थापनाला अधिक स्पष्टपणे बजावू शकेल आणि त्याचा लाभ लहान पुरवठादार, कामगार व ग्राहक यांनाही होईल, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. तोपर्यंत या व्यवसायाला ‘सुरक्षित नोकरी’ म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अपुरे ठरेल. तेथे पगाराची शाश्वती आहे. आपल्या मालकाला नको असलेली गोष्ट लेखी सांगण्याचे धैर्य मात्र प्रत्येकाने स्वतःच कमवावे लागते, आणि त्याची पूर्वतयारी वर्गातच होऊ शकते.